डुप्लिकेटचा डबा

सोम., ३ फेब्रु. २०२५

मारुतीच्या बी.पी.च्या गोळ्या, जानेवारी महिना: तीन स्ट्रिपा, ५०४ रु. विमा कंपनीने त्याच्या खात्यावर टाकले ९३. ते ९३ आणायला प्राजक्ताने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून बिल पाठवलं, डॉक्टरांची चिठ्ठी पाठवली, दोनदा परत आलं ('फोटो अस्पष्ट'), तिसऱ्यांदा गेलं, मग फोन लावून वीस मिनिटं त्यांची बासरी ऐकली. तिचा दीड तास गेला. पगाराच्या हिशोबाने दोनशेच्या वर. म्हणजे मारुतीला ९३ मिळाले आणि मला दोनशेला पडले.

प्राजक्ता म्हणाली, "शेठ, पुढच्या महिन्यात मी माझ्याच पर्समधून त्यांना ९३ देते. स्वस्त पडेल."

कारण कळवलंय ते असं, की हेच औषध जेनेरिक नावाने ३१ रुपयांना स्ट्रिप मिळतं, म्हणून ३१ च्याच भावाने देणार. कंपनीची घ्यायची तर वरचे तुमचे तुम्ही.

गेल्या एप्रिलमध्ये नऊ माणसांचा विमा उतरवला तेव्हा पेढे वाटले होते मी. हॉस्पिटल तर आहेच, वर कायमच्या औषधांची बिलंसुद्धा. कात्रजच्या या ओळीत जळलेल्या मोटर परत भरणारे सात कारखाने. कुणाकडे नाही.

बुध., ५ फेब्रु.

दामले आले. विम्याचे एजंट. चहा "अर्धाच" म्हणतात आणि पूर्ण पितात.

ही अट कधी आली, विचारलं.

"पहिल्यापासून आहे. पान एकोणीस. आपण जिथे सही केलीत, त्याच्या आधीचं."

मग डिसेंबरपर्यंत पूर्ण पैसे कसे दिले?

"चुकून. ते परत मागत नाहीयेत, तेव्हा आपण हा प्रश्न मोठ्याने विचारू नये."

एक एप्रिलला विम्याचं नूतनीकरण. नऊपैकी चौघं कायमच्या गोळ्यांवर. आत्तापर्यंतच्या बिलांमुळे हप्ता वाढणारच, म्हणाले. औषधांचा भाग काढूनही टाकतील. फेब्रु.-मार्चची बिलं जेनेरिकची दिसली तर ते वर शब्द टाकतील.

जाताना: "आपली माणसं ऐकतील ना?"

म्हटलं, माझी माणसं सव्वीस वर्षं ऐकतायत.

शनि., ८ फेब्रु.

वाघोलीच्या एका सोसायटीची साडेसात एच.पी.ची मोटर आली. सेक्रेटरी सोबत. महिन्यापूर्वी दुसरीकडे भरून घेतली, दोन्ही बेअरिंग ओरिजिनल टाकलीत, बिल आहे म्हणे. चालू केली. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला. पाच सेकंद इकडे, पाच तिकडे. म्हटलं, पुढचं डुप्लिकेट, मागचं ओरिजिनल. मारुतीने खोलली. तसंच निघालं. सेक्रेटरीने माझ्या कानाचा फोटो काढला!

डुप्लिकेट बेअरिंग डब्यात गेलं. हा डबा म्हणजे माझी शाळा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, बरोबर पाटीच्या खाली. पाटी मीच रंगवलेली: 'येथे डुप्लिकेट बेअरिंग बसवले जात नाही. आग्रह करू नये.' गिऱ्हाईक भाव करायला लागलं की डबा त्याच्या पुढ्यात ओतायचा. हातात घेऊन फिरवून बघतं, गप्प होतं. नवीन माणूस कामाला लागला की त्यालाही पहिल्या दिवशी डबा दाखवायचा. स्वस्त दिसलं की इथे टाक.

कानाला फसवणारं बेअरिंग अजून जन्माला यायचंय. घरचाच पंप घ्या. २०१३ च्या दिवाळीत बेअरिंग गेलं. मी गावाला होतो, मारुतीने येऊन बदललं. आपल्या दुकानातलं ओरिजिनल. तेव्हापासून रोज सकाळी दात घासताना ऐकतो. लोण्यासारखा चालतो. लोकल असतं तर दोन वर्षांत रडलं असतं.

सोम., १० फेब्रु.

चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. या महिन्यापासून गोळ्या जेनेरिकच्या. औषध तेच, बिल पूर्ण मिळणार, विमा टिकणार.

सलीम लेथवर असतो, तोंडही लेथसारखंच. म्हणाला, "शेठ, पाटी आजच उतरवू? का खाली बारीक अक्षरात 'गोळ्या वगळून' एवढं रंगवू?"

हसले सगळे. मीही हसलो.

मारुती हसला नाही. बशीतला चहा संपवला, बशी उपडी घातली आणि म्हणाला, "बरं."

मारुतीचं 'बरं' तीन प्रकारचं असतं. हे तिसरं.

गुरु., १३ फेब्रु.

कारखान्याला गुरुवारी लाईट नसते, सुट्टी. स्वतः जेनेरिकच्या दुकानात गेलो, मारुतीची चिठ्ठी घेऊन. तीन स्ट्रिपा ९३ रु. गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं, हे इतकं स्वस्त कसं?

"काका, जाहिरात नाही, डॉक्टरांना भेटायला जाणारी माणसं नाहीत. आत तेच."

घरी येऊन भिंग लावून दोन्ही स्ट्रिपांची पाठ वाचली. औषध तेच, मिलिग्रॅम तेच. कारखाना हिमाचलातल्या एकाच गावात, प्लॉट नंबर वेगळे. आमच्या ओळीसारखीच तिथेही एक ओळ असणार.

शुक्र., १४ फेब्रु.

स्ट्रिपा मारुतीला दिल्या. त्याने उजेडासमोर धरून बघितल्या, मोटरच्या स्लॉटमध्ये घालायचा इन्सुलेशनचा कागद बघतो तशा. खिशात ठेवल्या.  मी समजलो, झालं काम.

मंगळ., २५ फेब्रु.

कंप्रेसर चालू असला की शेठला ऐकू येत नाही, अशी इथे समजूत आहे. ती मी कधी मोडली नाही. फार उपयोगी आहे.

आज कंप्रेसर चालू होता. मारुती सलीमला सांगत होता:

"म्या वरिजिनलच खातो. पर एक दिसाआड. परवडत न्हाई रोज."

"आणि शेठनी दिलेल्या?"

"ठेवल्यात. जिथं ठेवायच्या तिथं."

"अरे, चालतंय का असं आड?"

"अर्धी असली बरी. पुरती नकली घेऊन काय करू?"

बुध., २६ फेब्रु.

सगळ्यांच्या आधी येऊन डबा उघडला. बेअरिंगच्या मधोमध तीन स्ट्रिपा. ग्रीस लागू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. एकही गोळी फोडलेली नाही.

राग यायला हवा होता. पण पाटी मी रंगवली, डबा मी ठेवला. सव्वीस वर्षांपूर्वी हाच माणूस खेड शिवापूरच्या पुढच्या गावातून आला तेव्हा पहिल्या दिवशी मीच त्याला हा डबा दाखवला होता. मी शिकवलं तेच त्याने केलं.

डबा होता तसा ठेवला.

शुक्र., २८ फेब्रु.

ऑफिसात बोलावलं. दार लावलं.

"मारुती, दिवसाआड घेतोस?"

कंप्रेसरकडे बघितलं त्याने, दाराच्या काचेतून. "ऐकू येतं म्हणा की."

म्हटलं, वरचे ४११ मी देतो महिन्याला. कंपनीचीच घे, पण रोज घे.

"नको. पगारात न्हाई ते हातात नको. आज माझं द्याल, उद्या सलीमच्या साखरेचं. आन् लोक म्हणायचे, मारुती शेठच्या गोळीवर जगतोय."

मग जेनेरिक घे. तेच औषध आहे. मी वाचलंय.

"शेठ, तुमच्या डॉवरमंदी कंची हाय?"

आम्हा दोघांचा डॉक्टर एक, गोळी एक. मीच नेलं होतं त्याला तिथे. माझ्या ड्रॉवरात १६८ वाली. माझा काही विम्याशी संबंध नाही, मी रोख घेतो, त्यामुळे कधी डोक्यातच... नेमका कंप्रेसर बंद झाला होता. सलीमनेही ऐकलं असणार.

जाताना मारुती म्हणाला, "मोटर जळली तर म्या परत भरून देतो. मला कोण भरून देणार?"

रोज घे एवढंच म्हटलं.

"घेतो."

शनि., १ मार्च

शैलाला सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती.

"अहो, मी आमटी चाखते आणि मग वाढते. तुम्ही न चाखताच वाढलीत."

एवढंच बोलली. पण पुढचा सगळा मटार मला सोलायला लावला.

सोम., ३ मार्च

डॉक्टरांकडे. माझं १३०/८२. विचारलं, मी जेनेरिक सुरू करू का?

"करा की. तीन-चार आठवडे नियमाने मोजा, लिहून ठेवा, मला दाखवा." मग मारुतीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ही गोळी दिवसाआड घेऊन काही उपयोग नाही. त्यांना सांगा, कंपनीचं भांडण नंतर. आधी रोज. आणि घेऊन या त्यांना."

मारुतीला सांगितलं. "येऊ की," म्हणाला. आज नाही, काम आहे.

आमच्याकडे मोटर भरली की गिऱ्हाइकाला लगेच देत नाहीत. तासभर बिनलोडची चालवतात, क्लॅम्प मीटर लावून करंट फळ्यावर खडूने लिहितात. करंट जागेवर असला तरच माल बाहेर. नवीन सुरू होतंय म्हणजे ट्रायल हवीच. प्राजक्ताने फोनवरून बी.पी.चं यंत्र मागवलं, दहा मिनिटांत आलं. तिने मोजलं, सलीमने फळ्यावर शेवटच्या ओळीत लिहिलं:

'शेठ. मॉडेल १९६३. १३०/८२. ट्रायल चालू.'

१६८ वाली स्ट्रिप सगळ्यांसमोर प्राजक्ताकडे दिली. ३१ वाली ड्रॉवरात. दर सोमवारी फळा.

सोम., १० मार्च

१३४/८४. सलीम: "करंट थोडा जास्त, पण चालेल."

मारुती कॉइलच्या तारेचे वेढे मोजत होता. मान वर केली नाही. वेढे मोजताना त्याला कुणी हाक मारायची नाही, हा इथला नियम माझ्याही आधीचा आहे असं वाटावं इतका जुना.

सोम., १७ मार्च

१४६/९०.

सकाळी जी.एस.टी.वाल्याशी फोनवर अर्धा तास वाजलं होतं. पण फळ्याला जी.एस.टी. माहीत नाही. मारुतीने आज मात्र मान वर केली. फळा वाचला. "बघा," म्हणाला.

दिवसभर तो एकच शब्द कानात.

मंगळ., १८ मार्च

परत मोजलं. १३२/८४. सलीमने कालच्या आकड्यापुढे लिहिलं: 'सप्लाय व्होल्टेज जास्त होते.'

सोम., २४ मार्च

१२८/८२. तीन आठवडे झाले. डॉक्टरांना फोटो पाठवला, 'उत्तम, चालू ठेवा' आलं. मी जरा मिरवतच मारुतीपाशी गेलो. फळा दाखवला.

"तुमची मोटर बिनलोडची हाय शेठ. खुर्चीत बसून कुणाचाबी करंट जागेवर येतो."

 

मंगळ., १ एप्रिल

विमा झाला. हप्ता वाढला, पण औषधांचा भाग राहिला. सलीम आणि दुसरे दोघं जेनेरिकवर गेले, त्यांची मार्चची बिलं पूर्ण मंजूर. सलीमची साखर होती तिथेच आहे. म्हणतो, "माझ्या साखरेला ब्रँड कळत नाही, ती पहिल्यापासून अडाणी."

या वेळी पान एकोणीस सहीआधी वाचलं. दामले बघत होते.

"तेवीसही वाचा," म्हणाले. "पुढच्या वर्षी त्यावरून भांडायचंय आपल्याला."

मारुतीचं मार्चचं बिल आलंच नाही. प्राजक्ता म्हणाली, "काका म्हणतात, ९३ साठी कशाला त्रास."

शुक्र., ११ एप्रिल

कात्रजच्या डेअरीमागच्या एका गोठ्याची पाच एच.पी. मारुतीने भरलेली. ट्रायलला लावली, करंट खूप वर. सलीम म्हणाला मीटर बिघडलं. दुसरं लावलं. तेच. मी कान लावला. बेअरिंग ठीक, पण मोटर कण्हत होती.

खोलली. एका फेजच्या कॉइलमध्ये चार वेढे कमी.

सव्वीस वर्षांत मारुतीचा एक वेढा चुकलेला नाही. मी वळून बघितलं तर तो तारेच्या रिळावर बसलेला. "काय झालं?"

"मोजताना गरगरलं. मग कितीवर व्हतो त्ये आठवंना. अंदाजानं पुढं गेलो."

अंदाजाने! मारुती!

प्राजक्ताने यंत्र लावलं. १७६/१०४. फळ्यावर कुणी लिहिलं नाही.

रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. ई.सी.जी. काढला, ठीक आला. डॉक्टर त्याच्यावर ओरडले नाहीत, माझ्यावरच ओरडले. मग त्याला सावकाश म्हणाले, "मारुतराव, ३१ ची घ्या नाहीतर १६८ ची. पण रोज एक. दिवसाआड घ्यायला हा काही उपवास नाही."

तीन दिवस घरी राहा म्हणून सांगितलंय. रिक्षात तो बाहेर बघत होता. मधेच म्हणाला, "गोठेवाल्याला सांगा, तार माझ्या पगारातनं."

शनि., १२ एप्रिल

मारुती नाही. त्याच्या वायंडिंग मशीनची टकटक नाही. बाकी सगळे आवाज आहेत आणि कारखाना बंद असल्यासारखा वाटतो.

कंप्रेसरच्या आवाजातून मी त्याची कुजबुज ऐकली. पण समोर बसून "घेतो" म्हणाला, त्यातलं 'नाही' मला ऐकू आलं नाही.

मंगळ., १५ एप्रिल

मारुती आला. पहिल्यांदा गोठ्याची मोटर परत भरली. वेढे दोनदा मोजले. मग चहा.

चहाला मी एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत सांगितली नव्हती. बुधवार पेठेतला आमचा बेअरिंगवाला एकदा मला माळ्यावर घेऊन गेला होता. एकाच कारखान्याचा एकच लॉट. काही बेअरिंगवर कंपनीचं नाव कोरून येतं, काहींवर नुसता नंबर. नाववालं तिप्पट दराने विकतो. मला हसून म्हणाला, "शेठ, तुमच्या पाटीवर माझं पोट आहे." मी हे ऐकलं आणि पाटी तशीच ठेवली. पाटीवर माझंही पोट होतं.

म्हटलं, डब्यातली निम्मी बेअरिंग खरोखर नकली आहेत, दुसऱ्याचं नाव चोरलेली. निम्मी नुसती बिननावाची. मी दोन्ही एकाच डब्यात टाकत आलो.

 

मारुतीने बशी उपडी घातली. "हे आत्ता सांगताय व्हय."

गोळी मात्र रोज घेतोय म्हणाला. कंपनीचीच. पैसे त्याचे. पैसे मी परत विचारले नाहीत. फळ्यावर नाव लिहू दिलं, हेच पुष्कळ. 'मारुती. मॉडेल १९७१.' १५८/९८.

सोम., २८ एप्रिल

शेठ १३०/८२. मारुती १४०/८८. गोळी रोज पोटात गेली की उतरतंय, हे त्याला दिसतंय. कुठली गोळी हा प्रश्न त्याच्यासाठी आहेच.

सोम., ५ मे

मारुती १५६/९६.

 प्राजक्ताने न विचारता सांगितलं. आता बिलं तिने पुन्हा मागून घ्यायला सुरुवात केलीये. मारुतीच्या मेडिकलवाल्याचं एप्रिलचं बिल दोन स्ट्रिपांचं. पंधरा तारखेच्या आधीची एक, नंतरची एक, मेमध्ये अजून एकही नाही. १५ एप्रिल ते आज वीस दिवस. गोळ्या दहा.

म्हणजे पुन्हा आड. पगार सातला होतो.

ती म्हणाली, "शेठ, गुपचूप त्यांच्या पगारात वाढवा ना चारशे."

वाढवीनही. पण त्याचा वेढा चुकला तो चारशेसाठी नाही चुकला. डब्यासाठी चुकला.

गुरु., ८ मे

सुट्टी. घरच्या पंपातून सकाळपासून पाणी गळतंय. टाकी रिकामी. शैलाने मला न विचारता मारुतीला फोन केला. संध्याकाळी तो पान्यांची पिशवी घेऊन आला.

सील गेलं होतं. ते बदलायचं म्हणजे पंप पूर्ण खोलायला लागतो. मी बॅटरी धरून शेजारी. शाफ्ट बाहेर काढला, तर त्याने बेअरिंग धोतराच्या फडक्याने पुसलं आणि माझ्याकडे न बघता नुसतं पुढे केलं.

बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर कंपनीचं नाव कोरलेलं असतं. फिरवून फिरवून बघितलं. चष्मा घातला. ६२०४, एवढाच नंबर. नाव नाही.

"हे मधे कधी बदललं?"

"न्हाई बदललं. त्येच हाय."

"ओरिजिनल टाकलं होतंस ना?"

"पाडवा व्हता शेठ. बुधवार पेठ बंद, आपलं दुकान बंद, किल्ली तुमच्यापाशी गावाला. वहिनी हंडे घेऊन बसलेल्या. माझ्या पिशवीत ह्ये एक लोकल पडलं व्हतं. टाकलं. म्हटलं, दुकान उघडलं की बदलू."

"मग बदललं का नाही?"

"तुम्ही गावासनं आला. पंप चालू केला, कान लावला. म्हणला, बघ मारुती, आवाजच सांगतो, वरिजिनल हाय." तो फडकं घडी करत होता. "मग म्या कशाला बोलू?"

शैला दारात उभी होती. आधी तोंडावर पदर धरला, मग धरवला नाही.

हसून झाल्यावर मी विचारलं. हळूच विचारलं. "मारुती, हे तुला साडेअकरा वर्षं माहीत. मग ती गोळी का घशाखाली उतरत नाही?"

त्याने बेअरिंग बोटावर फिरवलं. छान फिरत होतं.

"ह्ये तुमच्या घरचं व्हतं. बिघडलं असतं तर येऊन बदललं असतं."

मग म्हणाला, "ग्रीस भरू का नवीन टाकू? पिशवीत वरिजिनल आणलंय आज."

आवाज आहे का, विचारलं.

"न्हाई."

म्हटलं, मग राहू दे. ग्रीस भर.

त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. ग्रीस भरलं, नवं सील घातलं, तेच बेअरिंग परत बसवलं. चहा घेतला. बशी सुलटीच ठेवून गेला.

शुक्र., ९ मे

वाघोलीच्या त्याच सोसायटीच्या दुसऱ्या मोटरमध्ये आणखी दोन डुप्लिकेट निघाली, टाकायला दुपारी डबा उघडला. वर्तमानपत्राची पुडी सुटलेली. तीनपैकी दोन स्ट्रिपा. तिसरी घेतली की फेकली, माहीत नाही. मारुती वेढे मोजत होता, त्यामुळे हाक मारता आली नाही.

डबा पाटीखालून काढून ऑफिसच्या कपाटात ठेवला. पाटी अजून आहे. सलीम शिडी आणू का विचारत होता, सोमवारी बघू म्हटलं.

सकाळी दात घासताना पंप ऐकला होता. लोण्यासारखा चालतोय. बेअरिंग लोकल आहे.